उपकृताचा धर्म

परोपकार हा आपल्या नीतिशास्त्राचा आवडता विषय आहे. पुराणांतील राजे, संतांचीं चरित्रें आणि शाळेच्या पुस्तकांतील गोष्टी यांनीं उपकार करणाऱ्याचें वर्तन कसें असावें हें आपणांस इतक्या वेळां सांगितलें आहे कीं, त्यांत नवीन कांहीं सांगण्यासारखें उरलें असेल असें वाटत नाहीं. उपकार घेणाऱ्याविषयीं मात्र आपली नीति फार थोडें बोलते. त्यानें कृतज्ञ असावें, उपकार विसरूं नयेत, साधल्यास फेडावेत, एवढें सांगून ती थांबते. हीं सर्व कर्तव्यें उपकार होऊन गेल्यानंतरचीं आहेत. उपकार घडण्यापूर्वीं, किंबहुना तो घेण्याची वेळ येईल कीं नाहीं हें ठाऊकहि नसतांना, भावी उपकृताच्या माथीं कांहीं कर्तव्य असतें काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. मला वाटतें कीं असें कर्तव्य आहे, तें कृतज्ञतेहून कठोर आहे, आणि तें न पाळणारा मनुष्य नकळत आपल्या उपकारकर्त्याचाच घात करूं शकतो.

हें दाखविण्याकरितां मी जें उदाहरण घेणार आहें तें वाङ्मयीन मासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. तें आहे मोटारीला बसविलेल्या एका लोखंडी कडीचें. चारहि चाकांना इंजिनाचा जोर पोंचविणाऱ्या ज्या मोटारींना फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात, त्या गेल्या कांहीं वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबांतहि दिसूं लागल्या आहेत. साधी मोटार जेथें जात नाहीं तेथें त्या जातात, आणि त्यामुळेंच साधी मोटार जेथें कधीं अडकली नसती तेथें अडकतात. अडकलेली मोटार दुसऱ्या वाहनानें ओढून काढतांना दोर ज्या ठिकाणीं अडकवावयाचा, त्या ठिकाणास या विषयांतले जाणते लोक ‘रिकव्हरी पॉइंट’ म्हणतात. आपण त्याला ओढकडी म्हणूं. ही ओढकडी कशी असावी हा प्रश्न दिसावयास लोहाराचा आहे. परंतु ती तुटली असतां इजा कोणास होते हें पाहिलें म्हणजे तो नीतीचा होतो.

रुतलेल्या चाकाची आपल्या वाङ्मयांतील सर्वांत मोठी कथा कर्णाची. ऐन युद्धांत त्याच्या रथाचें चाक भूमि गिळते. तो रथाखालीं उतरतो, हातांनीं चाक उपसूं पाहतो, आणि तेवढा वेळ बाण न सोडण्याविषयीं अर्जुनाला धर्माची आठवण देतो. कृष्ण त्याला उलट विचारतो कीं, द्यूतसभेंत तुझा हा धर्म कोठें गेला होता? या प्रसंगावर आजवर जो वाद झाला तो मुख्यतः कृष्णाचें उत्तर न्याय्य होतें कीं नाहीं याविषयीं. परंतु त्यांतील दुसरी एक गोष्टहि विचार करण्याजोगी आहे. ज्या धर्माचा आधार कर्णाला त्या क्षणीं हवा होता, तो त्या क्षणीं निर्माण करतां येण्यासारखा नव्हता. संकटाच्या वेळीं ज्या वस्तूवर सारा भार टाकावयाचा, ती शांततेच्या दिवसांतच घडवून व पारखून ठेवावी लागते. चाक रुतल्यावर ती घडविण्यास अवकाश राहत नाहीं.

चाक रुतण्यास कुरुक्षेत्रच पाहिजे असें नाहीं. आमच्या मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्याची भूमि त्या कामीं पुरेशी समर्थ आहे. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ आणि वसमत या पांच तालुक्यांचा. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा यांच्या खोऱ्यांतील त्याची काळी जमीन कापूस, सोयाबीन आणि हळद पिकविते; वसमतच्या हळदीला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनहि मिळालें. पण हीच माती पाणी पितांच फुगते आणि उन्हानें आकसून भेगाळते, कारण तिच्यांतील चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे आपल्यामध्यें पाणी सामावून घेतात. वैशाखांत ज्या पाणंदीवरून बैलगाडी खडखडत जाते, त्याच पाणंदींत आषाढांत पायांतली वहाण निघतां निघत नाहीं. शेतरस्त्यांसाठीं राज्यसरकारनें २०२१ मध्यें मातोश्री ग्रामसमृद्धि योजना काढली; तरी खडी न पडलेल्या पाणंदी अद्याप पुष्कळ आहेत, आणि शेतावर, आखाड्यावर किंवा नदीकांठीं जाऊं पाहणारी शहरी मोटार तेथें आंसापर्यंत बसते.

पूर्वीं अशा वेळीं शेजाऱ्याकडून बैलांची जास्तीची जोडी मागून आणीत. बैलांच्या ओढीला त्यांच्या दमाची मर्यादा असे. आणि दोर तुटलाच तर बैल चार पावलें पुढें धडपडत व गाडीवान शिव्या देई, एवढ्यावर बहुधा निभावून जात असे. आतां बैलांच्या जागीं ट्रॅक्टर आला आहे. जवळच्या वस्तीवरचा शेतकरी निरोप मिळतांच ट्रॅक्टर घेऊन येतो, घरांत असेल ती साखळी किंवा दोर आणतो, आणि पोराला हांक मारून विचारतो, “बघ रे, कुठं अडकवायचं?” या प्रश्नाचें उत्तर मोटारीच्या मालकापाशीं असावें अशी अपेक्षा गैर नाहीं. बहुतेक वेळां तें त्याच्यापाशीं नसतें. कोणी तरी चिखलांत वांकतो, बंपरखालीं हात घालून चांचपतो, आणि हाताला जें भोंक किंवा जो आंकडा लागेल त्याला साखळी अडकवितो.

या चांचपण्यांत किती धोका आहे हें समजण्यास थोडें यंत्रशास्त्र पाहिलें पाहिजे. बंद पडलेली मोटार सपाट रस्त्यानें ओढून नेण्यास तिच्या वजनाच्या लहानशा अंशाइतका जोर पुरतो. चिखलांतून गाडी उपसण्याचें गणित निराळें आहे. तें काम करणाऱ्यांचा ठोकताळा असा कीं, चाकांपर्यंत रुतलेल्या गाडीस तिच्या वजनाइतका आणि मडगार्डापर्यंत रुतलेल्या गाडीस तिच्या दुप्पट वजनाइतका जोर लावावा लागतो. माणसें व सामान धरून दोन टनांची गाडी घेतली तर ही ओढ चार टनांवर जाते. सरळ ओढीनें इतका जोर मिळत नाहीं तेव्हां ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा वापरतात. ओढणारें वाहन थोडें धांवत जातें, पट्टा आपल्या लांबीच्या पांचव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनहि अधिक ताणतो, आणि धांवेची शक्ति त्यांत सांठून मग रुतलेल्या गाडीला बाहेर खेंचते. साखळी तशी ताणत नाहीं. म्हणून तिला झटका दिला तर भार एका क्षणांत कितीतरी पटींनीं चढतो.

पट्ट्यांत सांठणारी ही शक्ति किती असते? दोन टनांचें वाहन ताशीं १५ किलोमीटर वेगानें निघालें असेल तर ती सुमारें १७,००० ज्यूल होते. सत्तर किलो वजनाच्या मनुष्याला आठमजली इमारतीच्या गच्चीपर्यंत उचलण्यास लागणारी ही शक्ति आहे. दोन्ही टोकें टिकलीं तर ती गाडी बाहेर काढण्यांत खर्च होते. पण रुतलेल्या गाडीकडील कडी तुटली तर ताणलेला पट्टा आंखडतो, आणि तुटलेला लोखंडाचा तुकडा घेऊन ज्या टोकाला तो अजून बांधलेला आहे त्या टोकाकडे झेंपावतो. त्या टोकाला मदत करणारा बसलेला असतो. दोष एकाच्या गाडीचा आणि घाव दुसऱ्याच्या मस्तकावर, असा हा प्रकार आहे. माझा सारा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

मोटारीखालीं हाताला लागणारें प्रत्येक भोंक ओढकडी नसतें. जहाजांतून किंवा ट्रकवरून गाडी नेतांना ती हलूं नये म्हणून बांधण्यास पातळ कड्या दिलेल्या असतात. त्यांचें काम गाडी जागेवर धरून ठेवण्याचें. अनेक मोटारींच्या हत्यारांच्या पिशवींत बंपरमधील भोंकांत पिळून बसवावयाची एक कडी येते. ती सपाट रस्त्यावर हळूहळू ओढून नेण्यापुरती. ट्रॉली जोडण्याकरितां मागें जो ५० मिलिमीटरचा गोळा असतो, तो सर्वांत फसवा. कारण तो दिसतो भक्कम, पण उपसण्याच्या झटक्याखालीं त्याची मान तुटते आणि सबंध गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियांत अशा गोळ्यांनीं माणसें दगावलीं आहेत. तेथें या ताणपट्ट्यांवर धोक्याची सूचना लाविलेली असणें कायद्यानें आवश्यक केलें आहे. राहतां राहिला तो हौसेनें बसविलेला लोखंडी गार्ड. त्याला दोर बांधला तर गार्डच उपटून येण्याचा संभव अधिक.

खरी ओढकडी कोणती? जी गाडीच्या चॅसिसच्या लांब दांड्यांना, म्हणजे सांगाड्यालाच, जाड पोलादी पट्टीनें आणि एकाहून अधिक बोल्टांनीं जखडलेली आहे, त्या गाडीकरितांच बनविली आहे, आणि किती भाराला ती टिकते हें बनविणाऱ्यानें सांगितलें आहे, ती. ज्या मोटारींना असा वेगळा सांगाडा नसून सर्व अंग एकाच घडणीचें असतें, त्यांच्या बाबतींत कारखान्यानें नेमून दिलेल्या जागेखेरीज दुसरी जागा धरूं नये. चॅसिसवर स्वतःच्या मतानें वेल्डिंग करूं नये, कारण त्या उष्णतेनें भोंवतालच्या पोलादाचा गुण बदलतो. कडीला दोर जोडणाऱ्या शॅकलवर तिच्या सुरक्षित भाराचा आंकडा उठविलेला असावा. पुढें दोन कड्या असतील तर दोहोंत मिळून एक आडवा पट्टा घालून भार वांटून घ्यावा; मात्र त्या पट्ट्याचे दोन पदर एकमेकांशीं जितका मोठा कोन करतील तितका फायदा घटतो. साठ अंशांच्या कोनांत प्रत्येक कडीवर एकंदर ओढीच्या सुमारें ५८ टक्के भार येतो. १२० अंशांच्या कोनांत प्रत्येकीवर पूर्ण भार येतो, म्हणजे वांटणी केवळ नांवाची राहते.

बोल्टाची गोष्टहि सांगण्यासारखी आहे. त्याच्या माथ्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आंकडे असतात. १२ मिलिमीटर व्यासाचा ८.८ प्रतीचा बोल्ट सरळ ताणाखालीं तुटण्यास सुमारें पावणेसात टनांचा भार लागतो. त्याच आकाराचा ४.६ प्रतीचा बोल्ट त्याच्या निम्म्या भारानें तुटतो. आडव्या ओढीनें कातरला जात असतां दोहोंचीहि ताकद याहून कमी. बोल्ट एकदां रंगविला आणि चिखलानें माखला म्हणजे दोघांत कांहींच फरक दिसत नाहीं. संकटाच्या वेळीं मदतीस आलेला मनुष्य तो फरक ओळखूं शकत नाहीं. ज्यानें तो बोल्ट बसवून घेतला तोच ओळखूं शकत होता.

आतां नीतीचा प्रश्न सरळ मांडतां येईल. अडचणीची जागा निवडली मोटारवाल्यानें. गाडी त्याची, तिच्या कडीची माहिती मिळविण्यास सवड आणि साधन त्याच्यापाशीं. कडी तुटण्याचें फळ मात्र त्याला मिळण्याऐवजीं, ज्यानें यांतलें कांहींच निवडलें नाहीं अशा मनुष्याला मिळतें. किंवा गंमत पाहण्यास बांधावर उभ्या राहिलेल्या एखाद्या पोराला. दुसऱ्याच्या चांगुलपणाला आपण बोलावणार, तर तो चांगुलपणा त्याच्या जिवावर बेतूं नये एवढी तजवीज आधींच करून ठेवणें हें आपलें ऋण आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दान ओळखण्यास देश, काल आणि पात्र असे तीन निकष दिले आहेत. ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ आपण घेणाऱ्याची विद्या, शील किंवा गरज एवढाच करतों. मला तो थोडा वाढवावासा वाटतो. पात्र म्हणजे ज्यांत घातलेलें दान टिकतें आणि जें देणाऱ्याच्या हातांत फुटत नाहीं तें भांडें. गरज ही पात्रतेचा एक भाग आहे. देणाऱ्याला अपाय होणार नाहीं अशा स्थितींत स्वतःला ठेवणें हा दुसरा.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी मनुष्य घेईल. तो म्हणेल, “ट्रॅक्टरवाला कांहीं फुकट येत नाहीं. त्याला त्याचे पैसे मिळाले म्हणजे हिशेब पुरा झाला.” मोबदल्यानें श्रमाचा आणि डिझेलचा हिशेब पुरा होतो हें खरें. धोक्याचा हिशेब पुरा होण्यास मात्र धोका पत्करणाऱ्याला तो कळलेला असला पाहिजे. न कळलेल्या धोक्याला दिलेली संमति ही संमति नव्हे. शिवाय पैशाची ही देवघेव कोणांत होते तेंहि पाहिलें पाहिजे. एका बाजूला अनेक लाखांची मोटार घेऊ शकणारा गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला पावसांत काम सोडून आलेला शेतकरी. ज्याच्या घरचें सारें शेत त्याच्या दोन हातांवर चाललें आहे, त्याच्या मस्तकाची किंमत कांहीं शें रुपयांत धरली गेली हें उद्यां कोणीं बोलून दाखविलें, तर तो गृहस्थ स्वतःच शरमेल. तो वाईट मनुष्य नसतो. त्यानें त्या बाजूनें विचारच केलेला नसतो.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. अशा कड्या बसवून दिल्या म्हणजे लोक अधिकच बेफिकीर होतील; आपणांस कोणी तरी ओढून काढील या भरंवशावर जेथें जाऊं नये तेथें जातील. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि हा प्रश्न केवळ मोटारींपुरता नाहीं. छत्री घेतली म्हणून पावसांत हिंडावें असें ती कोणास सांगत नाहीं, तरी छत्रीवाला बिनछत्रीवाल्याहून अधिक वेळां बाहेर पडतो. पण यावरचा उपाय कडी न बसविणें हा खास नव्हे. कडी नसल्यानें साहसी मनुष्य घरीं बसला असें दिसत नाहीं. तो अडकतो आणि मग गार्डाला दोर बांधावयास सांगतो. उलट ज्यानें कडी नीट बसवून घेतली त्याला ती बसवितांना भार, झटका, तुटणें या गोष्टींचा एकदां तरी विचार करावा लागतो, आणि तो विचार मनुष्याला बहुधा शहाणाच करतो. अशा मनुष्याला हेंहि कळतें कीं ओढणें हा शेवटचा उपाय आहे: आधीं चाकांपुढची माती खणावी, टायरांतली हवा थोडी कमी करावी, चाकांखालीं फांद्या किंवा फळ्या द्याव्या, आणि मगच दोराकडे वळावें. दोर ताणण्यापूर्वीं त्यावर जाड घोंगडें टाकावें आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभें करावें.

मदत करणाऱ्याचीं कांहींच कर्तव्यें नाहींत असें माझें म्हणणें नाहीं. ट्रॅक्टरला दोर नेहमीं मागच्या खालच्या ओढदांड्यालाच बांधला पाहिजे. मागील आंसाच्या वर कोठेंहि बांधला तर जोर लागतांच पुढचीं चाकें उचलतात आणि ट्रॅक्टर चालविणाऱ्यासह मागें उलटतो. हें ज्याचें त्यानें पाळावयाचें. पण त्याचा एक हक्कहि आहे, आणि तो आपण मान्य करीत नाहीं: मोटारीची कडी पाहण्याचा, आणि ती पसंत न पडल्यास नकार देण्याचा. चिखलांत उभ्या असलेल्या गृहस्थाला हा नकार उद्धटपणा वाटतो. “बांध रे, कांहीं होत नाहीं,” असें म्हणून तो त्याची शंका उडवून लावतो.

येथें हिंगोली जिल्ह्याच्याच मातींतील एक जुनी कथा आठवते. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून ओळखलें जाणारें नरसी हें गांव या जिल्ह्यांत आहे. परंपरा अशी सांगते कीं, संतांच्या मेळाव्यांत मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरा कुंभारानें आपल्या थापटण्यानें एकेकाचें मस्तक ठोकून पाहिलें. बाकीचे निमूट बसले. नामदेवाला मात्र तो अपमान वाटला, आणि गोरोबांनीं हें मडकें कच्चें आहे असा निकाल दिला. त्यानंतर नामदेव औंढा नागनाथ येथें विसोबा खेचरांकडे गेला आणि त्यांच्या उपदेशानें पक्का झाला. कथेचें पारमार्थिक तात्पर्य सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्यांतील लौकिक शहाणपण अधिक उपयोगी वाटतें. मडकें पक्कें आहे कीं कच्चें हें बाहेरून दिसत नाहीं, तें ठोकूनच पाहावें लागतें. आणि पारखण्याचा राग येणें हें कच्चेपणाचें लक्षण आहे. आपल्या गाडीची कडी कोणी वांकून, हलवून पाहिली, तर ज्यानें ती नीट बसविली आहे त्याला राग येण्याचें कारण नाहीं.

मोटारीच्या पुढच्या बाजूस लोक दोन प्रकारचें लोखंड बसवितात, हें येथें ध्यानांत घ्यावें. एक म्हणजे बंपरपुढचा तो जाड गार्ड. त्याचा हेतु आपल्या गाडीला इजा होऊं नये हा. पण वाटेंतल्या पादचाऱ्याला तो अधिक जबर मार देतो. २०१७ च्या डिसेंबरांत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानें अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळविलें त्यामागें हेंच कारण होतें. दुसरें लोखंड म्हणजे आपली ही ओढकडी. तिचा उपयोग स्वतःच्या गाडीला आहेच, परंतु ती चांगली असण्याचा मोठा लाभ अनोळखी मनुष्याला आहे. गार्ड चमकतो आणि दुरून दिसतो. कडी बंपरखालीं चिखलांत दडलेली असते. हौसेचे पैसे कोणत्या लोखंडावर आधीं खर्च होतात हें कोणत्याहि रस्त्यावर उभें राहून पाहावें. कडी मात्र बाहेर टोंकदार निघून पादचाऱ्याला लागेल अशी बसविली, तर तीहि गार्डाच्याच पंक्तीस बसेल, हें विसरतां कामा नये.

कायदा याबाबतींत थोडें अंतर आपल्याबरोबर चालतो. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम आलें, आणि अपघातग्रस्ताला सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायीं खटला किंवा दावा होऊं नये अशी व्यवस्था झाली. मदतगाराचें रक्षण हा सार्वजनिक हिताचा विषय आहे, हें तत्त्व त्यानें मान्य केलें. परंतु कायदा त्याला कचेरीच्या त्रासापासून वांचवूं शकतो. तुटून आलेल्या कडीपासून नाहीं. तें काम गाडीच्या मालकाच्या विवेकाकडेच राहतें.

मग सुशिक्षित, सज्जन माणसेंहि ही तजवीज कां करीत नाहींत? खर्च हें कारण नव्हे. अज्ञानहि अर्धेंच कारण आहे. आरिस्टॉटलनें नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत थोर मनाच्या पुरुषाचें वर्णन केलें आहे: उपकार करणें त्याला आवडतें, घेण्याची मात्र लाज वाटते, कारण घेण्यांत कनिष्ठपणा आहे. त्याच्या नंतरच्या सेनेकानें उपकारांवर सात भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यांत घेणाऱ्याचाहि विचार केला. पण त्याचा भर उपकार कोणाकडून घ्यावा, कसा स्वीकारावा आणि कसा स्मरावा यावरच आहे. आरिस्टॉटलचा तो अभिमान आपणां सर्वांत थोडाथोडा वसतो. ओढकडी बसविणें म्हणजे मी एक दिवस अडकणार आहें आणि दुसऱ्यानें मला ओढावें लागणार आहे, अशी कबुली गाडीच्या अंगावर लिहून ठेवणें. ही कबुली ज्याला देववत नाहीं तो अडकल्यावर अधिक लाचार होतो, आणि त्याची लाचारी दुसऱ्याला महाग पडते.

लष्कराला हा अभिमान परवडत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपच्या मागें ओढण्याचा भक्कम आंकडा कारखान्यांतूनच येत असे. गाड्या रुतणार आणि एकमेकींना ओढणार हें तिच्या रचनेंतच गृहीत धरलें होतें. तीच जीप महिंद्र कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत जोडावयास घेतली, आणि आपल्याकडील या जातीच्या मोटारींचा वंश तेथून सुरू झाला. जीपचा दणकटपणा आपण हौसेनें उचलला. तिच्या मागच्या आंकड्यांत असलेली नम्रता मात्र तितक्या हौसेनें उचलली नाहीं.

ही गोष्ट मोटारीपाशीं थांबत नाहीं. पट्टीचा पोहणारा बुडणाऱ्याच्या मिठीनेंच बुडाल्याच्या हकीकती प्रत्येक नदीकांठीं ऐकूं येतात. मित्राला कर्जाकरितां जामीन राहावयास सांगणारा मनुष्य आपली खरी मिळकत त्याच्यापासून लपवितो, तेव्हां तो गार्डालाच दोर बांधावयास सांगत असतो. आपला रोग सांसर्गिक आहे हें दाईपासून किंवा परिचारिकेपासून लपविणारा रोगीहि तेंच करतो. म्हातारपणीं मुलांनीं आपलें करावें अशी इच्छा धरणाऱ्या आईबापांनीं आपले कागदपत्र, देणीं आणि औषधें यांची नीट मांडणी करून ठेवली नाहीं, तर मुलांच्या मायेवर नाहक ओझें पडतें. या सर्व ठिकाणीं मागणाऱ्याची गरज खरी असते, आणि देणाऱ्याची इच्छाहि खरी असते. मधली कडी तेवढी कोणीं पाहिलेली नसते.

मनुष्य दुसऱ्यांच्या मदतीवांचून जगूं शकत नाहीं, आणि तसें जगण्याचा हट्ट धरण्यांत कांहीं शोभाहि नाहीं. पण ज्याला मदत लागणार आहे त्यानें ती घेण्याची जागा आधींच भक्कम करून ठेवावी, तिची ताकद स्वतः जाणून घ्यावी, आणि वेळ आली म्हणजे मदतीस आलेल्याला ती खरी खरी सांगावी; आणि सांगण्यासारखी कडीच नसेल, तर “दोर बांधूं नका, आधीं खणूं या,” असें म्हणून स्वतः फावडें हातांत घ्यावें. आभार मानण्याची वेळ त्यानंतरची आहे. आणि ज्याचे मानावयाचे तो सुखरूप घरीं परतला तरच त्यांना कांहीं अर्थ आहे.